नाव तेच, गाव दुसरे

निर्गुडा नदीच्या काठी वसलेले वणी हे यवतमाळ जिल्ह्यातील एक जुने गाव. एका अंगास कापसाची काळी जमीन व दुसऱ्या अंगास कोळशाच्या खाणी, असे या गावाचे दुहेरी वैभव आहे. हिवाळ्यात कापसाने भरलेल्या गाड्या बाजाराकडे निघतात आणि त्याच रस्त्याने कोळशाचे ट्रकही धावत असतात. मग कापसाचे पांढरे तंतू आणि कोळशाची काळी धूळ वाटेवरच्या बाभळींवर शेजारी शेजारी विसावतात. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म याच गावी १८८० साली झाला. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी टपाल खात्याने आपल्या देशात मनीऑर्डरची पद्धत सुरू केली. दूर देशी राबणाऱ्या मुलाने पाठविलेले चार पैसे आईच्या हातात घराच्या उंबरठ्यावर पडू लागले, ते तेव्हापासून.

या गावच्या एका गल्लीत एक वृद्ध पोस्टमन राहतात. सदतीस वर्षे खाकी पोशाख घालून आणि सायकल दामटून त्यांनी वणीच्या दारोदार पत्रे पोहोचविली. निवृत्त होऊन त्यांस बरीच वर्षे लोटली. पण गल्लीतील लहानथोर त्यांस अजूनही आदराने ‘आबाजी’ म्हणतात, आणि कागदावर लिहिलेले काहीही समजेनासे झाले की त्यांच्याच ओट्यावर येऊन बसतात. आबाजींचे शिक्षण बेताचेच; परंतु पत्र हातात येताच ते कोणी, कोठून व कशासाठी धाडले असावे, हे ओळखण्याची त्यांची हातोटी काही विलक्षण आहे.

ही हातोटी त्यांच्या अंगी सहज आली नाही. त्यामागे एका जुन्या घोटाळ्याची हकीकत आहे. महाराष्ट्रात वणी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीच्या गडाजवळही एक वणी आहे. आबाजी नोकरीस लागले त्या काळी पाकिटावर केवळ ‘मु. पो. वणी’ एवढेच लिहून लोक निश्चिंत होत. मग नाशिककडचे पत्र विदर्भात येई आणि विदर्भातले नाशिककडे जाई. कोणाच्या लग्नाची चिठ्ठी लग्न उरकल्यावर पोहोचे, तर कोणाच्या आजारपणाची वार्ता आजारी माणूस बरा झाल्यावर कळे. वरिष्ठांनी तेव्हा नव्या पोस्टमनला एक गोष्ट शिकविली : “पत्र वरून वाचू नकोस, खालून वाच. नाव सर्वांत शेवटी पाहा. आधी जिल्हा पाहा.”

हाच घोटाळा साऱ्या देशात होत असे. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या, नाना तऱ्हेची अक्षरे! त्यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांक सुरू झाला. संस्कृतचे व्यासंगी पंडित व कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या योजनेचे जनक. सहा आकड्यांच्या या क्रमांकातील पहिले तीन आकडे पत्र कोणत्या विभागात जावयाचे ते सांगतात आणि उरलेले तीन आकडे नेमके टपाल कार्यालय दाखवितात. यवतमाळकडील क्रमांक ४४५ ने सुरू होतात, नाशिकचे ४२२ ने. दोन्ही गावांचे नाव वणीच राहिले. पण त्यांची गल्लत होण्याचे कारण उरले नाही. नाव कोणालाही घेता येते, ठिकाण मात्र एकाचेच असते, हे सूत्र आबाजींच्या मनावर कायमचे कोरले गेले.

पुढे काळ पालटला. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. पत्रे विरळ होत गेली. २०१६ साली भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात पैसे पाठविण्याची यूपीआय पद्धत आली आणि चहाच्या टपरीपासून कापसाच्या बाजारापर्यंत ती रुळली. पूर्वी मनीऑर्डर देताना पोस्टमन माणूस ओळखून घेई, सही किंवा अंगठा घेई, अंगठा असल्यास साक्षीदार उभा करी. आता पैसे घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे तोंडही एकमेकांस दिसत नाही. सोय शतपटीने वाढली, यात शंका नाही. परंतु उंबरठ्यावर उभा राहून ‘तूच का रे तो?’ असे विचारणारा माणूस मधून नाहीसा झाला. ते काम आता ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

हे काम न केल्यास काय ओढवते, याचा प्रत्यय त्या गल्लीस एका पहाटे आला.

झुंजूमुंजू झाले होते. आबाजी अंगणात तुळशीला पाणी घालीत होते. इतक्यात शेजारचे गृहस्थ फाटक उघडून आत आले. तीस वर्षे कोळशाच्या धुळीत राबून ते नुकतेच खाणीतून निवृत्त झाले होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सारी रक्कम त्यांनी बँकेत ठेवली होती. त्यातून घराचे छप्पर बदलावयाचे होते आणि धाकट्या मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणाची फी भरावयाची होती. त्यांचा चेहरा उतरला होता. डोळे रात्रभर मिटलेले दिसत नव्हते.

“आबाजी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “रात्री फोनवर एक पत्र आले. मी त्याप्रमाणे केले. आता मनात पाल चुकचुकते आहे.”

हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. रात्री अकराच्या सुमारास त्यांना एक ई-मेल आला होता. ज्या कंपनीच्या साहाय्याने ते फोनवरून पैसे देत-घेत, तिचेच नाव वर होते, तिचेच बोधचिन्ह होते, रंगही तोच होता. मजकूर असा होता : ‘प्रिय ग्राहक, आपल्या खात्याची पडताळणी झालेली नाही. आज रात्री बारा वाजता आपले खाते बंद करण्यात येईल. ते चालू ठेवण्यासाठी खालील दुव्यावर तत्काळ माहिती भरा.’ बारा वाजावयास एकच तास उरला होता. घरातील सर्व झोपले होते. खाते बंद पडले तर मुलीची फी कशी भरावी, या एकाच विचाराने त्यांनी दुवा उघडला. समोर ओळखीचे पान आले. त्यांनी खात्याचा क्रमांक लिहिला, कार्डावरील आकडे लिहिले, गुप्त संकेतशब्दही लिहिला. तेवढ्यात फोनवर बँकेचा संदेश आला. त्यात सहा आकडे होते. पान म्हणत होते, ‘हे आकडे येथे भरा.’ संदेशाच्या दुसऱ्या ओळीत मात्र लिहिले होते, ‘हे आकडे कोणालाही सांगू नका.’ त्या ओळीपाशी त्यांचा हात थबकला. त्यांनी फोन बंद केला. पण झोप काही आली नाही.

आबाजींनी चष्म्यासाठी खिसा चाचपला. “आण इकडे. पत्र पाहू.”

आबाजींची नात सातवीत शिकते. ती दप्तर भरीत दारातच उभी होती. ती पुढे होऊन म्हणाली, “आबाजी, पत्र मागाहून पाहू. आधी बँकेला कळवायला हवे. काकांच्या घराची किल्ली चोराच्या हाती गेली आहे. आता फक्त आतली कडी उरली आहे.”

पोरीचे म्हणणे आबाजींस तत्काळ पटले. शेजारी त्या ई-मेलमध्ये छापलेला मदतीचा क्रमांक लावू लागले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला. ज्याने खोटे पत्र लिहिले, त्यानेच तो क्रमांक दिला असणार. तेथे फोन करणे म्हणजे चोरालाच चौकीदार नेमणे होय. बँकेचा क्रमांक कार्डाच्या पाठीमागे छापलेला होता. तो लावला. अंधारातही जागा असणारा तेथील कर्मचारी शांतपणे सर्व ऐकत होता. त्याने कार्ड बंद केले आणि फोनवरील व्यवहार थांबविले. मग तो म्हणाला, “रात्री आपल्या खात्यातून दोन वेळा पैसे काढण्याचा प्रयत्न झाला आहे. सहा आकडे न मिळाल्यामुळे तो साधला नाही.”

शेजारी मटकन ओट्यावर बसले. पैसे जागच्या जागी होते. पण ते एका ओळीच्या आधारावर उरले होते. मग त्यांनी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदविली. सायबर गुन्ह्यांत पैसे गेल्यास ते पुढच्या पुढे पसार होण्याआधी अडविता यावेत, यासाठीच हा क्रमांक आहे. तेथे लवकर पोहोचणाऱ्याचे पैसे वाचण्याची आशा अधिक असते.

सूर्य वर आला. आता मात्र आबाजींनी पत्र हाती घेतले. अंगणात जणू जुने टपाल कार्यालयच पुन्हा उघडले.

“हे कोणाला लिहिले आहे?” त्यांनी विचारले.

“मलाच.”

“तुझे नाव कोठे आहे? ‘प्रिय ग्राहक’ हे काही नाव नव्हे. आपल्या माणसाला पत्र लिहिणारा नावाने हाक मारतो. ज्याला हजारो दारी एकच चिठ्ठी टाकावयाची असते, तो ‘प्रिय ग्राहक’ लिहितो. अर्थात, नाव असले म्हणजे पत्र खरे, असेही नाही. नावे विकतही मिळतात. बरे, कोणी लिहिले आहे?”

नातीने वरच्या नावावर बोट टेकविले. तेव्हा त्या नावामागे दडलेला पूर्ण पत्ता पडद्यावर उमटला. ‘ॲट’ या चिन्हाच्या पुढे कंपनीचे नाव असावयास हवे होते. तेथे भलतीच अक्षरे होती. नंतर तिने दुव्याला न उघडता त्यावर बोट दाबून धरले. दुव्याचा खरा पत्ता दिसू लागला. त्यात कंपनीचे नाव होते खरे. पण ते अगदी आरंभी. पुढे एक टिंब, आणि त्यानंतर कोणाही अनोळखी माणसाने घेतलेले नाव.

आबाजी हसले. “म्हणजे पुढे ‘वणी’ लिहिले, आणि शेवटी जिल्हा दुसराच! नाव तेच, गाव दुसरे. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचावा.”

आबाजी संगणक शिकलेले नाहीत. पण त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. महाजालावरील पत्त्यातही पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या अगोदर जे शेवटचे शब्द असतात, तेच मालकाचे खरे ठिकाण सांगतात. त्याआधी काय लिहावे, हे मालकाच्या मर्जीवर असते. तेथे तो कोणत्याही प्रतिष्ठित बँकेचे नाव घालू शकतो. ही गल्लत टाळण्यासाठीच रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखाली आणण्यास सांगितले. हा शेवट बँकांखेरीज दुसऱ्या कोणास मिळत नाही. बँकांसाठी हा जणू नवा पिन क्रमांकच होय.

“आता तिसरी गोष्ट,” आबाजी म्हणाले. “हे पत्र मागते काय? मी मनीऑर्डर घेऊन जात असे. पण कोणाच्या पेटीची किल्ली मी कधी मागितली नाही. पैसे देणाऱ्याला किल्लीचे काय काम? आणि चौथी गोष्ट घाईची. सरकारी खाते असो की सावकार, तो मुदत देतो. रात्री अकराला पत्र धाडून बाराची मुदत घालतो, त्याला तुझा विचार नको असतो. तुझी धांदल हवी असते.”

नात मध्येच म्हणाली, “आबाजी, तुमचा पिन आणि काकांचा पिन यांत केवढे अंतर आहे! तुमचा पिन सर्वांना सांगण्यासाठी, आणि काकांचा कोणालाच न सांगण्यासाठी.”

“आणि पैसे घेण्यासाठी तो लागतच नाही,” शेजारी स्वतःशीच पुटपुटले. “तो फक्त देताना लागतो. हे ठाऊक होते मला. पण रात्री सुचले नाही.”

‘रात्री सुचले नाही’ या तीन शब्दांत या साऱ्या फसवणुकीचे मर्म आहे. अशा जाळ्यात केवळ अडाणी माणसे सापडतात, ही समजूत खोटी आहे. पुण्यातील एका उद्योगसंस्थेच्या प्रमुखांनी अशाच एका ई-मेलला उत्तर दिले आणि त्यांच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये निघून गेले. तो वाद राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे गेला. २०१३ साली त्यांनी निर्णय दिला की, चोरांची खाती उघडताना बँकेने पुरेशी दक्षता घेतली नाही, म्हणून तिने ४५ लाख रुपये भरून द्यावेत. पण फसव्या पत्रास उत्तर देणाऱ्यानेही तोट्याचा वाटा उचलावा. हिशेबात मुरलेला माणूसही एका बेसावध क्षणी कसा फसतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याहून थोर उदाहरण बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे. नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराचे विनयशील पत्र २०१५ च्या आरंभी तेथील काही कर्मचाऱ्यांना आले. त्यासोबतची माहिती एकाने उघडून पाहिली, आणि त्या वाटेने चोर आत शिरले. वर्षभर ते दबा धरून बसले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी सुमारे ९५ कोटी डॉलर पळविण्याचा घाट घातला. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेले. श्रीलंकेस निघालेले २ कोटी डॉलर मात्र थांबले, आणि ते कशामुळे थांबले? ‘फाउंडेशन’ या शब्दाचे वर्ण चोरांनी चुकविले होते! मधल्या बँकेतील कोणाच्या तरी दृष्टीस ती चूक खटकली आणि त्याने विचारणा केली. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. परंतु केवळ शुद्धलेखनावर विसंबून राहण्याचे दिवसही आता सरले. निर्दोष भाषा लिहून देणारी यंत्रे चोरांच्याही हाती आली आहेत. चुकांनी भरलेले पत्र संशयास्पद खरे; पण शुद्ध पत्र विश्वासार्ह असतेच, असे मात्र नव्हे.

या प्रकारास इंग्रजीत मासे धरण्यावरून नाव पडले आहे, आणि मराठीतही आपण ‘गळाला लागणे’ असे म्हणतोच. पण आपल्याकडील लोकांस याहून जवळची कथा ठाऊक आहे. पंचवटीत रावण राक्षसाच्या रूपाने आला नाही. भिक्षेकऱ्याच्या वेषात आला. त्याला रेषा ओलांडता येत नव्हती. म्हणून त्याने अशी परिस्थिती निर्माण केली की, सीतेनेच ती ओलांडावी. आजचा चोरही बँकेची भिंत फोडण्यात वेळ दवडीत नाही. तो दाराबाहेर उभा राहून कधी भीती घालतो, कधी बक्षिसाचे आमिष दाखवितो, आणि आतून कडी काढण्याची वाट पाहतो. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायदा चोराच्या मागून धावतो; कडी आपल्या हाती असते.

दहा वाजता शेजारी बँकेत जाऊन आले. नवा संकेतशब्द घेतला, नव्या कार्डासाठी अर्ज केला. परत येताना ते आबाजींच्या ओट्यापाशी थांबले. त्यांचे अजून काही बोलावयाचे राहिले होते.

“आबाजी, एक विनंती आहे. हे कोणाला सांगू नका. मुलाला तर नकोच. म्हणेल, म्हाताऱ्याला अक्कल नाही.”

आबाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सदतीस वर्षांत माझ्या हातून कितीतरी पत्रे चुकीच्या दारी पडली. एकदा एका मुलाच्या नोकरीचे बोलावणे मी भलत्याच घरी टाकले होते. लाजेपोटी गप्प बसलो असतो, तर ते पत्र कायमचे हरवले असते. मी त्याच संध्याकाळी पोस्टमास्तरांना जाऊन सांगितले. शिव्या खाल्ल्या, पण पत्र पोहोचले. चूक तशीच झाकून ठेवली की ती चोराच्या कामी येते. लाज बाळगावयाची तर चोराने बाळगावी, तू कशाला?”

शेजारी काही न बोलता उठले. पण संध्याकाळी रंगनाथ स्वामींच्या देवळाकडून परतताना गल्लीतील माणसे नेहमीप्रमाणे ओट्यावर जमली, तेव्हा त्यांनी स्वतःच तोंड उघडले. आरंभी शब्द अडखळत होते, मग ते सरळ येऊ लागले. ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसले नाही. उलट, एका दुकानदाराने खाली मान घालून सांगितले की, मागल्या वर्षी त्याचे अठरा हजार रुपये असेच गेले होते, आणि त्याने ते आजवर बायकोलाही सांगितले नव्हते. त्याने त्याच रात्री सांगितले असते, तर कदाचित ती रक्कम वाचली असती. निदान शेजाऱ्याला तरी सावध होता आले असते.

त्या दिवसापासून गल्लीत एक नवा वाक्प्रचार रूढ झाला आहे. कोणाच्या फोनवर खाते बंद होणार असल्याचे, बक्षीस लागल्याचे किंवा पार्सल अडकल्याचे पत्र आले की, ते उघडण्यापूर्वी घरातले दुसरे माणूस विचारते, “अगोदर पाहा, कोणत्या वणीचे आहे?” मग घाईने पुढे सरसावलेले बोट क्षणभर थांबते, आणि पत्ता शेवटाकडून वाचला जातो.